घाट कोणी घातला?

आमच्या नातीचा भूगोलाच्या पेपरातला एक मार्क गेला. आता, आमच्या घराण्यात भूगोलाचे मार्क जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. माझ्या प्रगतिपुस्तकात भूगोलाच्या रकान्याखाली तांबड्या शाईची रेघ ठरलेली असे, आणि ती पाहून आमचे वडील 'हे विषुववृत्त का रे?' असं शांतपणे विचारीत. पण माझे मार्क गेले ते उत्तरं चुकली म्हणून. चिमीचा गेला तो उत्तर बरोबर आलं म्हणून! तेव्हा मला राग येणं साहजिक आहे, हे कुणीही कबूल करील. (आमची ही सोडून.)

प्रश्न साधा होता. कोकण किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या पर्वतरांगेचं नाव लिहा. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून चिमीनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'सह्याद्री'. त्यावर ही मोठी तांबडी फुली आणि शेजारी बरोबर उत्तर, 'वेस्टर्न घाट्स'. वर वर्गातल्या एका कार्ट्यानं तिला सांगितलं की सह्याद्री हे डोंगराचं नाव नसून टीव्हीवरच्या चॅनेलचं आहे.

'आबा, खरं काय?' चिमीनं विचारलं.

मी छत्री उचलली. आमची ही म्हणाली, 'एका मार्कासाठी शाळेत जाऊन भांडू नका. पोरीला अजून पाच वर्षं तिथंच काढायची आहेत.' मी म्हटलं, 'भांडायला नाही, विचारायला जातोय.' ती म्हणाली, 'विचारायला जाताना कुणी छत्री अशी धरत नाही.'

भूगोलाच्या बाई चांगल्या निघाल्या. वयानं माझ्या मुलीहून लहान, आणि बोलायला इतक्या गोड की माझं निम्मं भांडण तिथंच विरघळलं. त्या म्हणाल्या, 'आजोबा, तुमचं म्हणणं पटतंय मला. पण पेपर इंग्लिशमध्ये आहे ना? इंग्लिशमध्ये त्याला वेस्टर्न घाट्सच म्हणतात. पुस्तकातही तेच आहे.' मी विचारलं, 'पण बाई, घाट म्हणजे काय?' त्या म्हणाल्या, 'घाट म्हणजे...' आणि थांबल्या. मग म्हणाल्या, 'घाट म्हणजे आपण महाबळेश्वरला जाताना लागतो तो.' 'बरोबर! आणि तो कशात लागतो?' तेवढ्यात घंटा झाली आणि शिक्षणाची ती सुवर्णसंधी हुकली. निघताना बाई आपुलकीनं म्हणाल्या, 'सांभाळून उतरा हं आजोबा, आमचा जिना जरा अवघड आहे.' तो जिना पुढं माझ्या फार उपयोगी पडला.

तर प्रश्न असा आहे, की घाट म्हणजे काय? मराठी माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. तो ते एस.टी.त शिकतो. लहानपणी आम्ही कोकणात आजोळी जायला निघालो की आई दर दहा मिनिटांनी कंडक्टरला विचारायची, 'घाट कधी लागतो हो?' घाट लागायच्या आधी आवळासुपारी तोंडात टाकायची, म्हणजे मग गाडी लागत नाही, असा तिचा सिद्धांत. तो माझ्या बाबतीत एकदाही खरा ठरला नाही. घाट आणि गाडी मला एकदमच लागायचे. पण सांगायचा मुद्दा हा, की घाट लागतो आणि घाट संपतो. घाट चढतात, घाट उतरतात. घाटात गाडी बंद पडते, घाटात दरड कोसळते. घाटाला वळणं असतात, आणि वळणावर चहाची टपरी असते. सह्याद्रीबद्दल असलं एक तरी वाक्य बोलून बघा. 'सह्याद्री कधी लागतो हो कंडक्टर?' कंडक्टर तिकीट न देता उतरवील.

घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. आंबाघाट, फोंडाघाट, कुंभार्ली, वरंधा, माळशेज, ताम्हिणी. हे सगळे रस्ते आहेत. नाणेघाट तर सातवाहनांच्या काळातला, बैलांच्या तांड्यांचा रस्ता. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट लागतो, साताऱ्याला जाताना खंबाटकी लागते. तिथं तर कोकणाचा संबंधही नाही. रस्त्याला घाट म्हणायला डोंगर कुठलाही चालतो. नदीच्या काठच्या पायऱ्यांनाही आपण घाट म्हणतो. वाईचा गणपतीघाट आहे, मेणवलीला नाना फडणविसांनी बांधलेला घाट आहे. तिथंही कृष्णेला कुणी घाट म्हणत नाही. याशिवाय तांब्याचा घाट वेगळा, मूर्तीचा घाट वेगळा, आणि शेजारच्या काकू सध्या मुलाच्या लग्नाचा घालताहेत तो घाट वेगळा. इतके घाट असूनही आम्हा मराठी माणसांचा कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा झाला तो पाहुण्यांचा.

हा घाट मुळात कोणी घातला, याचा मी शोध घेतला. (निवृत्त माणसानं असे शोध घेतले की घरच्यांनाही बरं वाटतं. दुपारी घर शांत राहतं.) पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश यानं १५५२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या पर्वताचं वर्णन केलंय. तो सांगतो की या डोंगररांगेला स्वतःचं असं नाव नाही, म्हणून इथले लोक तिला नुसतं 'गाट' म्हणतात, आणि गाट म्हणजे डोंगरांची रांग. हे गृहस्थ स्वतः हिंदुस्थानात कधी आलेच नव्हते. लिस्बनमध्ये बसून त्यांनी आमच्या पर्वताला बेवारस ठरवून टाकलं!

पुढं इंग्रज आले. त्यांनी मात्र डोंगर पाहिला, चढला, पोखरला. १८३० साली गव्हर्नर माल्कमनं बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे वर गेली. म्हणजे घाट ही वाट आहे हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. बोरघाटाला तोही घाटच म्हणत होता. आणि तरी नकाशावर अख्ख्या रांगेवर त्यानं लिहिलं, 'वेस्टर्न घाट्स'. म्हणजे साहेबाच्या इंग्रजीत बोरघाट हा घाट घाटांमधला घाट आहे. हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघा, आणि मग सांगा की इंग्रजी ही शास्त्रशुद्ध भाषा आहे.

साहेबाची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. तो चूक करतो आणि ती व्यवस्थित नोंदवूनही ठेवतो. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला, आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा. त्यात घाट या शब्दाचे अर्थ ओळीनं दिलेत. आधी नदीचा उतार, मग डोंगरातली वाट, आणि त्यानंतर डोंगराची रांग. शेवटच्या अर्थाबद्दल ते म्हणतात, की इथले लोक 'घाटावरचा मुलुख', 'घाटाखालचा मुलुख' असं बोलत, ते ऐकून परक्यांनी घाट हे डोंगराचंच नाव समजून घेतलं असावं. घ्या! चोरानं पंचनामा स्वतःच लिहून दिलाय, सही-शिक्क्यानिशी. तो वाचायला आम्हाला वेळ झालेला नाही.

आणि या पर्वताला नाव नव्हतं म्हणता? नाशिकच्या लेण्यांमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कुठल्या कुठल्या पर्वतांचा स्वामी होता, याची यादी त्या माउलीनं दगडात कोरून घेतली. (आई ती आईच. मुलाचं कौतुक वहीत मावत नाही, लेणं लागतं.) त्या यादीत विंध्य आहे, मलय आहे, महेंद्र आहे, आणि सह्यही आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. बारुश यांचा ग्रंथ येण्याआधी चौदाशे वर्षं या डोंगराचं नाव याच मुलखातल्या दगडावर लिहिलेलं होतं. दाराला पाटी असताना 'घर निनावी आहे' असं सांगणारा पोस्टमन आपण नोकरीवर ठेवला असता का?

आमच्या शेजारी भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना मी हे सगळं ऐकवलं, तर ते मंद हसले. विद्वान माणूस मंद हसला की समजावं, आता आपलं काही खरं नाही. ते म्हणाले, 'असं बघा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्या खडकाला आम्ही डेक्कन ट्रॅप म्हणतो. ट्रॅप हा शब्द आला स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून, कारण हे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. आणि घाट म्हणजेही पायऱ्याच की. तेव्हा वेस्टर्न घाट्स हे नाव तुम्ही समजता तितकं चुकीचं नाही. उलट फारच शास्त्रीय आहे. आणि जाता जाता सांगतो, तुम्ही मघापासून सह्याद्री पर्वत, सह्याद्री पर्वत म्हणताय. अद्री म्हणजेच पर्वत. तुमचं हे म्हणजे लेडीज बायकांचा डबा!'

घरी येऊन मी आधी 'सह्याद्री पर्वत' म्हणणं सोडलं. आपली चूक असेल तर सुधारावी. (बारुशसाहेबांनी हे लक्षात घ्यायला हरकत नव्हती.) पायऱ्यांचं उत्तर मात्र मला रात्री अडीच वाजता सुचलं, आणि ते चिमीच्या शाळेच्या जिन्यावरून सुचलं. सकाळी प्राध्यापक दूध घ्यायला बाहेर पडले तसा मी त्यांना गाठलं. म्हटलं, 'प्रोफेसर, आमच्या जुन्या वाड्यालाही जिना होता. चांगला अठरा पायऱ्यांचा होता. त्यावरून मी चारदा पडलोही आहे. पण म्हणून आमच्या पत्रांवर कुणी 'मुक्काम जिना' असं लिहीत नव्हतं.' ते म्हणाले, 'वाड्याला नाव होतं ना!' मी म्हटलं, 'माझंही तेवढंच म्हणणं आहे.'

त्यांनी आणखी एक शंका काढली. सह्याद्री म्हणजे फक्त आपल्याकडचा उत्तरेचा भाग; सगळी रांग तापीच्या खालपासून पार कन्याकुमारीच्या जवळपर्यंत, चांगली सोळाशे किलोमीटर जाते. तेव्हा सगळ्या रांगेला वेस्टर्न घाट्स हेच नाव सोयीचं. हे मात्र अनेक मराठी माणसांनाही खरं वाटतं. सह्याद्री म्हणजे शिवाजीमहाराजांचे किल्ले, तेव्हा तो आपलाच, गोव्याखाली त्याचा काय संबंध? पण केरळातला माणूसही आपल्या डोंगराला 'सह्यन' म्हणतो. वैलोप्पिळ्ळी श्रीधर मेनन या मोठ्या मल्याळम कवीची हत्तीवरची एक गाजलेली कविता आहे, तिचं नावच 'सह्याचा मुलगा'. म्हणजे कळसूबाई ज्याच्या अंगाखांद्यावर, अनैमुडीही त्याच्याच. कळसूबाई १६४६ मीटर आणि अनैमुडी २६९५ मीटर. केरळानं उंची जास्त मिळवली एवढंच. आणि तमिळ माणसानं तर घाट हा शब्द दारातच उभा केला नाही. तो म्हणतो 'मेर्कु तोडर्च्चि मलै', म्हणजे पश्चिमेकडची सलग डोंगररांग. घाट हा शब्द आमचा असूनही त्याचा चुकीचा अर्थ तमिळांनी घेतला नाही आणि आम्ही घेतला! आमच्या पुस्तकांत आता बिनदिक्कत 'पश्चिम घाट' असं छापतात. आमचाच शब्द साहेब घेऊन गेला, वापरून त्याचा घाट बिघडवला, आणि आम्ही तो 'फॉरिन रिटर्न' म्हणून हार घालून परत घेतला.

बरं, ही चूक एकदाच करून साहेब थांबला का? पूर्वेला काही डोंगर दिसले. तिकडं महेंद्रगिरी आहे, त्याचं नाव पुराणांच्या कुलपर्वतांत सह्याच्या शेजारी आहे. पण साहेबाकडं घाट शिल्लक होते. त्यानं तिकडं 'ईस्टर्न घाट्स' लावून दिले. ते डोंगर तर सलगही नाहीत. महानदी, गोदावरी, कृष्णा यांनी त्यांचे तुकडे केलेत. नामकरणाची ही पद्धत आमच्या सोसायटीत आहे. एक 'ए विंग', एक 'बी विंग'. फरक एवढाच, की आमच्या इमारतींना आधीची नावं नव्हती.

आपल्याकडं यशवंतराव चव्हाण १९६२ साली संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं सारा महाराष्ट्र म्हणाला. आजही म्हणतो. आता पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते वाक्य दुरुस्त करा. 'हिमालयाच्या मदतीला पश्चिम घाट धावला!' घाट धावला म्हटल्यावर डोळ्यांपुढं काय येतं? दरड कोसळली आणि वाहतूक बंद.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? मीही तसंच म्हणत होतो. पण काही वर्षांपूर्वी मी आजोळच्या गावी गेलो होतो, कोकणात, अगदी डोंगराच्या पायथ्याला. तेव्हा गावात एक बैठक होती. त्याआधी पश्चिम घाटाबद्दल दोन मोठे अहवाल येऊन गेले होते, २०११ साली माधव गाडगीळ समितीचा आणि २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा. कुठलं गाव 'संवेदनशील' म्हणायचं, कुठं खाण चालेल, कुठं नाही, असा तो सगळा विषय. शहरातून एक हुशार तरुण साहेब आले होते. तळमळीनं बोलत होते. 'पश्चिम घाट वाचला पाहिजे. पश्चिम घाट हा तुमचा आहे,' असं त्यांनी निदान वीस वेळा सांगितलं.

मागच्या रांगेतून एक म्हातारबुवा उठले. हात जोडून म्हणाले, 'साहेब, घाट आमचा नाही. घाट बांधकाम खात्याचा. गेल्या वर्षीच डांबर टाकलंय त्यांनी.'

लोक हसले. साहेब म्हणाले, 'नाही आजोबा, तो घाट नाही. पश्चिम घाट!'

म्हातारबुवा मान वळवून मावळतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, 'पश्चिमेला आमच्या दर्या आहे साहेब. तिथं घाट कुठला?'

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. मग साहेबांनी भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन हात फिरवून दाखवला, तेव्हा म्हातारबुवांच्या लक्षात आलं. 'म्हणजे डोंगर म्हणा की! तो उगवतीला आहे आमच्या. माझा बाप त्याच्यावर गुरं चारायचा.' आणि ते खाली बसले. मग मात्र मला हसू येईना. ज्या डोंगरातून त्यांचं पाणी येतं, पावसाळ्यात ज्याच्याकडं बघत रात्री जागून काढाव्या लागतात, त्या डोंगराबद्दल त्यांना काहीतरी विचारायला सरकार दारात आलं होतं. आणि प्रश्न कशाबद्दल आहे हेच त्यांना पाऊण तास कळलं नव्हतं. वेस्टर्न घाट्स या नावातला घाट तर चुकीचा आहेच. पण डोंगराखाली राहणाऱ्याला त्यातला 'वेस्टर्न'ही उलटा. सूर्य त्याच्या घरावर ज्या डोंगराआडून उगवतो, त्याला त्यानं पश्चिम म्हणायचं!

आणि घाट म्हटलं की मन रस्त्याकडं धावतं. रस्ता म्हटलं की तो ओलांडायचा, रुंद करायचा, वळणं काढून टाकायची. पर्वत म्हटलं की निदान मान वर करून बघावंसं वाटतं. मुंबईत घाटावरून आलेल्या कष्टकरी माणसाला 'घाटी' म्हणून हिणवतात, त्यातही हेच आहे. त्याला गाव नाही, नाव नाही. तो ज्या वाटेनं आला तेवढीच त्याची ओळख. एका शब्दानं डोंगराचं जे केलं, तेच माणसाचं केलं. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका टिंबाचा फरक आहे, तो उगाच नाही.

२०१२ साली युनेस्कोनं आपल्या या पर्वतातल्या एकोणचाळीस जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यांत महाराष्ट्रातल्या चार आहेत. कास, कोयना, चांदोली, राधानगरी. अभिमानाची गोष्ट आहे. सगळ्यांचं मिळून नाव अर्थात 'वेस्टर्न घाट्स', आणि आत महाराष्ट्रातल्या चार जागांच्या गटाला दिलेलं नाव 'सह्याद्री'. म्हणजे मालकाला त्याच्याच वाड्यात एक खोली राहायला दिली, आणि वाड्याला नाव जिन्याचं!

साहेबानं आपल्या कोशातून हा शब्द काढून टाकावा, असं माझं म्हणणं नाही. त्याची भाषा, त्याचा कोश. एव्हरेस्टचं सुद्धा त्यानं असंच केलं. पण निदान तिथं एका माणसाचं नाव दिलं, आमच्यासारखं रस्त्याचं नाही. माझं भांडण घरातल्यांशी आहे. मराठीत तरी 'पश्चिम घाट' हे भाषांतराचं भाषांतर बंद करा. आणि इंग्रजी पेपरात एखाद्या पोरानं 'सह्याद्री' लिहिलं, तर त्याचा मार्क कापू नका. सह्य या शब्दाचा अर्थच मुळी सहन करता येण्यासारखा असा आहे. आमच्या डोंगरानं पोर्तुगीज सोसले, इंग्रज सोसले, सुरुंग सोसले. पण सोसण्यालाही काही सुमार आहे.

हे सगळं मी एका पत्रात लिहून बाईंना पाठवलं. शिलालेखासकट. चार दिवसांनी चिमी पेपर घेऊन परत आली. फुलीच्या शेजारी बाईंनी बारीक अक्षरात सह्याद्री असं लिहून कंसात वेस्टर्न घाट्स घातलं होतं, आणि अर्धा मार्क वाढवला होता.

उरलेल्या अर्ध्या मार्कासाठी हा लेख.